त्याच्या आधी कुठलं?

आपण कुठून आलो, हा मानवजातीला पडलेला सर्वांत गहन प्रश्न आहे. या एका प्रश्नासाठी ऋषी अरण्यात गेले, तत्त्ववेत्त्यांनी ग्रंथ लिहिले आणि शास्त्रज्ञांनी आयुष्यं वेचली. कोल्हापुरात तो एस.टी.त शेजारी बसलेला माणूस पिशवी मांडीवर घेता घेता विचारतो. "पावणं, गाव कंचं?" आणि बस स्टँडच्या बाहेर पडेपर्यंत प्रश्न सुटलेला असतो.

महालिंग हेब्बाळे सरांचा तो कधीच सुटत नसे. ते आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख होते आणि मी इतिहास शिकवत असे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथं रुजू झालो, त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी मला नमस्काराऐवजी तीन प्रश्न विचारले.

"गाव कुठलं?"

"सातारा."

"त्याच्या आधी?"

"आजोबा वाईचे."

"त्याच्या आधी कुठलं?"

मी घुटमळलो आणि कोकणातून वर आले असावेत, असं काहीतरी पुटपुटलो. सरांनी मान हलवली आणि वर्तमानपत्र उघडलं. पुढं ओळख वाढल्यावर त्यांनी खुलासा केला. "पहिल्या प्रश्नाला माणूस पत्ता सांगतोय. दुसऱ्याला घरात ऐकल्यालं सांगतोय. तिसऱ्याला एकतर गप बसतोय, न्हायतर लबाड बोलतोय. माणूस कसा हाय ते तिथं कळतंय."

"मग मी काय केलं होतं?"

"तुम्ही 'असावेत' म्हणालासा. म्हंजे लबाडीच, पण भीत भीत. चालंल."

सर बुटके, सफारीतले, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ते येण्याआधी किल्ल्या ऐकू येत. मूळचे कुरुंदवाडचे (त्याच्या आधीचे बेळगावकडचे, त्याच्या आधीचं त्यांना ठाऊक नव्हतं आणि ते तसं सांगत). घरात कानडी, बाहेर कोल्हापुरी. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावताना मात्र तोंडून "नोडू, नोडू" निघायचं, म्हणजे बघ, बघ. ते कुणाला म्हणत, माहीत नाही. तिथं त्यांच्याशिवाय दुसरं कुणी बघायला परवानगी नसे.

त्यांचा विषय होता समुद्रात एका देशातून दुसऱ्या देशात घुसलेले प्राणी. कोल्हापूरला समुद्र नाही. रंकाळा आहे, पण त्यात जहाजं येत नाहीत. सरांना पोहता येत नव्हतं. शिवाय घर पिढीजात शाकाहारी. ज्या शिंपल्यांवर त्यांनी उमेदीची वर्षं घालवली, त्यांची चव कशी असते हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. कुरुंदवाडच्या आईला त्यांनी आपण वनस्पतिशास्त्र शिकवतो असं सांगून ठेवलं होतं. म्हातारी त्यांच्याच वळणाची होती. सुट्टीला घरी गेले की शर्ट हुंगून विचारायची, "तम्मा, ह्या झाडाला वास कसला रं?"

संशय हा त्यांचा स्वभाव होता असं म्हणणं पुरेसं नाही. ती त्यांची कामाची पद्धत होती. प्रयोगशाळेतल्या स्पिरिटच्या बाटलीवर पातळीची पेन्सिलरेघ असे, कारण कुणीतरी पितं. फ्रिजला सायकलची साखळी आणि कुलूप असे. नमुन्यांच्या बाटल्यांना बुचावर लाख लावून त्यावर अंगठा उमटवलेला असे. कॅन्टीनमधला चहा ते आधी कपाच्या बुडापर्यंत निरखत, मग विचारत, "दूध कुठलं?" कॅन्टीनवाला वैतागून म्हणायचा, "म्हशीचं हाय सर. म्हैस कुठली ते इचारून येऊ का?" यावर सर गंभीरपणे म्हणत, "इचार की."

बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेकडे ते जनुकांची अक्षरं वाचून घ्यायला नमुने पाठवत. थर्मोकोलच्या डब्यात बर्फ, आणि डबा खाजगी बसने. एकच नमुना ते दोन वेगळ्या नावांनी पाठवत, ती मंडळी खरोखर वाचतात की बसल्या जागी लिहून देतात ते कळावं म्हणून. दोन्हींचा निकाल तंतोतंत सारखा आला. मी अभिनंदन केलं, तर म्हणाले, "वळखलं असंल त्यांनी."

या शास्त्रातलं मला जे कळलं ते असं. प्रत्येक जिवाच्या पेशीत एक लांबलचक मजकूर असतो. पिढ्यान्‌पिढ्या त्याची नक्कल होते आणि नक्कल करताना बारीक चुका राहतात. ज्या दोघांत एकाच जागी एकच चूक, त्यांचं घर एक. आम्ही इतिहासवाले जुन्या बखरींच्या नकला अशाच लावतो; लेखनिकाने एक ओळ गाळली असेल, तर ती गाळणारी सगळी हस्तलिखितं एका माळेत येतात. हे मी सांगितल्यावर सर प्रथमच माझ्याकडे आदराने बघत म्हणाले, "म्हंजे तुमचा विषय अगदीच वाया गेल्याला न्हाय."

दुसरी गोष्ट आणखी सोपी. जुन्या वस्तीत नाना तऱ्हेच्या चुका सापडतात, कारण तिथं पुष्कळ पिढ्या झालेल्या असतात. नुकत्याच उठून आलेल्या बिऱ्हाडात एखाद-दुसरीच सापडते. जितका एकसारखेपणा जास्त, तितके आलेले थोडे.

ही विद्या कोल्हापुरात पसरायला वेळ लागला नाही. एकदा एका बड्या घराण्याच्या मंडळाचे लोक फेटे बांधून विभागात आले. आपलं मूळ राजस्थानातल्या एका राजकुळात आहे, हे त्यांना रक्तावरून सिद्ध करून हवं होतं. स्मरणिका निघायची होती.

"करू की," सर म्हणाले. "बसा. रक्त द्या. फक्त निकाल काय येईल त्यो तसाच छापायचा."

"म्हणजे काय येईल, सर?" मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं.

"ते रक्ताला म्हाईत. मला कसं?"

अध्यक्षांनी सोबतच्यांकडे बघितलं. बैठक घेऊन कळवतो, असं म्हणून ते गेले. ती बैठक माझ्या माहितीप्रमाणे अजून व्हायची आहे.

आता फळ्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळं झालं. समुद्रात कुणी नवीन जीव आला का हे बघायचा जुना मार्ग म्हणजे लाकडाच्या फळ्या दोरीने पाण्यात टांगायच्या आणि काही महिन्यांनी वर काढून त्यावर कोण बसलंय ते पाहायचं. सर म्हणत, "समुद्र म्हंजे एस.टी. स्टँड हाय. फळी दिसली की कुणीतरी येऊन बसणारच." बाजारातल्या लाकडाचा त्यांना भरवसा नव्हता. शिवाजी पेठेतल्या एका वखारीत पाडलेल्या थिएटरच्या बाल्कनीचं सागवान आलं होतं, ते त्यांनी स्वतः वाजवून, हुंगून आणलं आणि त्याच्या फळ्या करून घेतल्या. त्याच फळ्या मुंबईच्या गोदीत लागायच्या, मग कोकणातल्या खाडीत लागायच्या, पुन्हा गोदीत जायच्या. प्रयोगशाळेच्या भिंतीवर सरांच्याच अक्षरात नियम होता: फळी महिनाभर कडक उन्हात वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात घालू नये.

ऊन फक्त कॉलेजच्या गच्चीवर होतं. आणि गच्चीवर विभागाचा शिपाई मारुती याची ये-जा होती.

"जुनं सागवान," सर मला हळू आवाजात म्हणाले होते. "बंबात घातलं तर घरादाराच्या आंघोळी हुत्यात. मारुतीची नजर हाय त्याच्यावर."

"त्याने कधी काही नेलंय का?"

"न्हाय. त्येच तर."

मारुतीला हे ठाऊक होतं. तो गच्चीवरून खाली आला की दोन्ही हात उघडे करून सरांना दाखवायचा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "मोकळा हाय, सर. झडती घ्या." सर घ्यायचे.

याच सुमारास सुरेखा कांबळे संशोधनासाठी विभागात आली. गारगोटीची, वडील प्राथमिक शिक्षक. मुलाखतीला मी बाहेरचा सभासद म्हणून बसलो होतो. सरांनी तिला शिंपल्यांबद्दल काही विचारलं नाही.

"गाव कुठलं?"

"गारगोटी."

"त्याच्या आधी?"

"गारगोटीच."

"त्याच्या आधी कुठलं?"

"सर, आमच्या घरात छप्पन सालापासून मोजतात," ती शांतपणे म्हणाली. "त्याच्या आधीचं आजोबांनी ठरवून सोडून दिलं."

सरांच्या वर्गवारीत हे उत्तर बसत नव्हतं. ती गप्प बसली नव्हती आणि लबाडही बोलली नव्हती. त्यांनी जुडग्यातून प्रयोगशाळेची एक किल्ली सोडवून टेबलावर ठेवली. ती किल्ली त्यांनी तोवर स्वतःच्या विभागातल्या कुणालाही दिली नव्हती.

दोन हजार साल उलटून गेल्यावर कोकणातल्या त्या खाडीतून बोंब उठली. नखाएवढा, काळ्या पट्ट्यांचा एक शिंपला खडकांवर, होड्यांच्या तळाला, जाळ्यांच्या दोऱ्यांवर असा दाटीवाटीने बसायला लागला होता की खालचा खडक दिसेना. त्या खडकांवरची कालवं फोडून विकणाऱ्या बायकांचा धंदा बसला. खाडीत नुकतीच एक जेटी झाली होती आणि एका कंपनीच्या मालवाहू बार्ज मुंबईहून तिथं येत. लोकांनी कंपनीविरुद्ध अर्ज केला: हा घाणेरडा जीव तुमच्या बार्जच्या बुडाला चिकटून आला, तुम्ही बार्ज बंद करा आणि खडक साफ करून द्या. कंपनी म्हणाली, मच्छीमारांचे ट्रॉलरही मुंबईला जातात. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी दोघांना गप्प करण्यासाठी हेब्बाळे सरांकडून अहवाल मागवला.

सरांना सुख झालं. संशय घ्यायला पगारी परवानगी असा तो प्रकार होता. कंपनीचा माणूस पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला, तर त्याला तीन प्रश्न विचारून बॉक्ससकट परत पाठवलं. त्या खाडीत कालवं काढणाऱ्या काशीताई बाकीच्या बायकांना घेऊन आल्या, तर त्यांनाही तेच. काशीताईंनी उलट विचारलं, "आमचा गाव कशाला विचारता? त्या किड्याचा विचारा की!" सर खूष झाले. "त्येच विचारायला निघालोय, बाई."

सुरेखाने खाडीतले, गोदीतले, बार्जच्या बुडाचे, ट्रॉलरचे असे नमुने जमवले. परदेशातल्या शिंपल्यांच्या जनुकांची अक्षरं ती राजारामपुरीतल्या सायबर कॅफेतून छापून आणी. महिने गेले. हळूहळू चित्र स्पष्ट झालं. खाडीतले शिंपले मुंबईच्या गोदीतून आले होते, यात शंका उरली नाही. पण एक गोष्ट नीट बसेना. गोदीत नाना तऱ्हेचे शिंपले होते. बार्जच्या बुडालाही नाना तऱ्हेचे. खाडीतले मात्र बहुतेक सगळे एकाच छापाचे, आणि त्यांच्यात एक अशी चूक, जी गोदीच्या एका जुन्या भिंतीपाशीच सापडत होती. बार्ज त्या भिंतीला लागत नव्हत्या. ट्रॉलरही नाही.

त्या दुपारी मी चहासाठी विभागात गेलो होतो. सर खडूच्या काळ्या फळ्यासमोर येरझाऱ्या घालत होते. किल्ल्या वाजत होत्या.

"एकच टोळी हाय ही. एकदाच आलीया. कुणीतरी आणून सोडलंय. कोण ते सांपडंना."

"सर, एक विचारू?" सुरेखा म्हणाली.

"विचार की."

"खाडीत सगळ्यात जाड थर कुठं आहे?"

"जुन्या धक्क्याच्या खांबावर."

"त्या खांबाला काय बांधलेलं असायचं?"

"ट्रॉलर."

"आणि?"

सर थांबले. "आणि आपल्या फळ्या."

"फळ्या खाडीत यायच्या आधी कुठं होत्या?"

"हितं. कोल्हापुरात."

"त्याच्या आधी?"

"मुंबईला. गोदीत." सर तिच्याकडे न बघता म्हणाले. "त्याच भिंतीला."

"मग कोल्हापुरात त्या वाळवल्या कुठं, सर?"

हा तिसरा प्रश्न होता. हेब्बाळे सर लबाड बोलले नाहीत. ते गप्प बसले.

मग म्हणाले, "वाळवल्या न्हाईत. गच्चीवर टाकल्या असत्या तर बंबात गेल्या असत्या. मारुतीवर भरवसा न्हवता. खरडून घेतल्या, वल्ल्या पोत्यात गुंडाळल्या, रात्रभर माझ्या न्हाणीघरात कडी घालून ठिवल्या आणि सकाळच्या गाडीनं खाडीला नेल्या." मग स्वतःशीच, "करवतीच्या खाचंत बारकी पिलं ऱ्हायली असणार. नोडू, नोडू."

त्या फळ्यांवरून गोदीत खरडलेल्या शिंपल्यांची बाटली कपाटात होती, लाख आणि अंगठ्यासकट. सरांनी लाख स्वतः फोडली. पहिल्यांदा निकाल जुळला तेव्हा त्यांनी सुरेखाचा हात लागून नमुना बाटला असं ठरवलं. दुसऱ्यांदा जुळला तेव्हा रसायनं बदलली. तिसऱ्या वेळी त्यांनी मला बोलावून नळ्यांवर सांकेतिक खुणा करायला लावल्या, म्हणजे कुठली नळी कुठली हे त्यांना स्वतःलाही कळू नये. "तुम्हीच पायजे, इतिहासवाले. तुम्हाला शिंपला आणि वाटाणा ह्यातला फरक कळत न्हाय. तेवढा भरवसा मला दुसऱ्या कुणाचा न्हाय."

तिसऱ्यांदाही जुळला. माझ्या खुणा सरांनी स्वतः दोनदा उलगडून पाहिल्या. संशय घ्यायला आता कुणी उरलं नव्हतं.

इथं खरा पेच सुरू झाला. अहवालात 'हे शिंपले मुंबईच्या गोदीतून आले' एवढंच लिहिलं असतं, तरी ते शब्दशः खरं होतं. पुढचं लोकांनी आपोआप धरलं असतं. मुंबईहून बार्ज येत होत्या. कंपनीला खडक साफ करून द्यावे लागले असते, काशीताईंची कालवं परत आली असती, सुरेखाचा प्रबंध सुरळीत पार पडला असता. आमच्या प्राचार्यांनी तर निकालाची वाट न बघता सरांच्या सत्काराचा कापडी फलक रंगवायला टाकला होता. कुणकुण लागताच त्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. मीही होतो.

"हेब्बाळे, मुंबईपर्यंत सगळं खरं आहे ना?"

"व्हय."

"मग मुंबईलाच थांबा की. पुढं कशाला जाताय? शास्त्राला कुठंतरी थांबावं लागतंच."

"दुसऱ्या प्रश्नाला थांबायचं म्हणताय," सर म्हणाले.

"कसला दुसरा प्रश्न?"

सरांनी ते समजावून सांगितलं नाही. बाहेर व्हरांड्यात सुरेखा उभी होती. तिने एवढंच विचारलं, "काशीताईंचं काय होईल, सर?" सर तसेच जिना उतरून गेले. पुढचे काही दिवस किल्ल्यांचा आवाज येत नव्हता. बघतो तर त्यांनी जुडगा टेबलाच्या खणात टाकून ठेवला होता, आणि खण उघडा होता.

सत्कार ठरल्या दिवशी झाला. कॉलेजच्या हॉलमध्ये सरांच्या छायाचित्राखाली लाटा रंगवलेल्या होत्या आणि वर 'सागररक्षक' अशी अक्षरं होती. शाल, श्रीफळ, भगवा फेटा. फेटा सरांना मोठा झाला होता; तो वारंवार भुवयांवर येई आणि ते त्याच्या खालून संशयाने सभागृहाकडे बघत. प्रमुख पाहुण्यांनी आपल्या भाषणात शिंपल्याला दोनदा मासा म्हटलं. मग सर उठले. माइकजवळ गेले. भाषण म्हणजे पाचच वाक्यं असतील.

"त्यो शिंपला त्या खाडीत कंपनीनं नेल्याला न्हाय. मच्छीमारांनीबी नेल्याला न्हाय. मी नेला. माझ्या फळ्यांवरनं गेला, फळ्या मी वाळवल्या न्हाईत. अहवालात तसं लिवलंय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या बाकांवरून शिट्ट्याही आल्या. कोल्हापुराहून कुणीतरी काहीतरी थेट समुद्रापर्यंत नेलं, एवढंच सभागृहाला कळलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं. सर हात वर करून सांगायला लागले की अहो, ही चूक आहे, पण तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पत्रात मथळा आला: 'कोकणात नवा शिंपला, कोल्हापूरच्या प्राध्यापकांची कामगिरी'. सरांनी खुलासा पाठवला. तो छापून आला नाही.

अर्ज निकालात निघाला, कंपनी सुटली. हे कागदावरून कळायच्या आत आपण तोंडाने सांगायचं, म्हणून सर खाडीला गेले. मी आणि सुरेखा सोबत होतो. काशीताई ओहोटीच्या खडकांवर बसलेल्या होत्या, शेजारी रिकामी टोपली. सरांनी चिखलात उभं राहून सगळं सांगितलं, न्हाणीघरासकट.

काशीताईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कंपनीनं शिकवून पाठवलंय ना तुम्हाला?"

"न्हाय, बाई. खरंच मी—"

"स्वतःहून कोण सांगतो असं? आम्हाला काय दूधखुळ्या समजता? तुम्हाला तिकडं फेटा बांधला, पेपरात आलंय. चांगलं काम केल्याशिवाय बांधतात फेटा?"

बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. सरांनी आणखी एकदा प्रयत्न केला. त्यांना जनुकांतली ती एक चूक, गोदीची भिंत, बाटलीची लाख असं बरंच सांगितलं. जितकं सांगत गेले तितका बायकांचा संशय वाढत गेला. शेवटी काशीताई उठल्या, कालवं फोडायची आपली कोयती त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बरं. तुम्ही आणली ना ही घाण? मग तुम्हीच काढा."

सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते खरडायला बसले. ज्याला पोहता येत नव्हतं असा तो माणूस, भरती चढेपर्यंत. परतीच्या गाडीत मी म्हणालो, "खरं सांगूनही त्यांनी विश्वास ठेवला नाही, वाईट झालं."

"वाईट कसलं?" सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "बाई हुशार हाय. मी असतो तर मीबी ठिवला नसता."

त्यानंतर दर सुट्टीत ते खाडीला जात. काशीताई आधी लांबून लक्ष ठेवत, मग जवळ बसून लक्ष ठेवायला लागल्या. हा कंपनीचाच माणूस आहे हे त्यांचं मत बदललं नाही, पण त्याला चहा द्यायला हरकत नाही इथपर्यंत त्या आल्या. सर चहा बुडापर्यंत बघून पीत. शिंपले खरडलेल्या जागी पुन्हा उगवत. सुरेखाचा प्रबंध थोड्या उशिराने मान्य झाला. त्यात एक प्रकरण मार्गदर्शकाच्या फळ्यांवर आहे. ती पुढं दुसऱ्या राज्यात नोकरीला गेली आणि जाताना किल्ली परत द्यायला आली, तर सरांनी ती घेतली नाही.

ते निवृत्त झाले त्या दिवशी निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. मला मात्र गच्चीवर बोलावलं. त्यांनी त्या सागवानी फळ्या स्वतःच्या हाताने वर आणून उन्हात ओळीने मांडल्या होत्या. साखळी नव्हती, कुलूप नव्हतं.

"महिनाभर चांगल्या वाळू देत. मग खाडीला लावतो, नवी पिलं बसत्यात का बघायला."

"कुलूप नाही लावलंत?"

सरांनी फळीवरून हात फिरवला. "तवा हितं टाकल्या असत्या तर काय झालं असतं? बंबात गेल्या असत्या, एवढंच. खाडी वाचली असती. आता ठरवलंय, इतिहासवाले. माणसावर कवातरी भरवसा टाकायला पायजे."

त्याच दिवशी ते खाडीला निघाले; स्टँडपर्यंत मी सोबत गेलो. कोयती आणि बूट घातलेलं पोतं त्यांनी मला हात लावून बघायला लावलं, कोरडं ठाक होतं. गाडीत खिडकीजवळ बसले. शेजारी पटकेवाला एक म्हातारा येऊन टेकला आणि त्याने पिशवी मांडीवर घेतली.

"पावणं, गाव कंचं?"

"कुरुंदवाड," सर म्हणाले आणि वाट बघत राहिले. म्हाताऱ्याने मान डोलावली. त्याचं काम झालं होतं.

"त्याच्या आधीचं विचारा की," सर म्हणाले.

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे, मग पोत्याकडे नीट बघितलं. "पोत्यात काय हाय?" सरांनी पोतं पायांकडे ओढून घेतलं. गाडी निघाली. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच. खाडीजवळच खोली घेऊन ते तिकडे राहिले आणि तिकडेच गेले, असं पुढं कळलं.

सरांच्या निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी मी सहज गच्चीवर गेलो. फळ्या नव्हत्या. खाली येऊन मारुतीला गाठलं. त्याने सवयीने दोन्ही हात उघडे करून दाखवले.

"फळ्या कुठं गेल्या, मारुती?"

"प्राचार्यसायबांच्या बंगल्यावर गेल्या की. रविवारी पावणं आल्तं, आंघोळीला पाणी तापवायचं हुतं. सायबच म्हणालं, गच्चीवर लाकूड पडलंय बघ."

"सर तर इतकी वर्षं तुझ्यावर संशय घेत होते."

"म्हाईत हाय की," मारुती म्हणाला. "पर मी न्हिऊन काय करणार हुतो, सर? आमच्या घरात बंब न्हाय."